गोसीखुर्दच्या पाण्यासाठी कॅटामरान घेताना

अंभोऱ्याचा केबलवर तोललेला पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि वैनगंगेचं ते विस्तीर्ण पाणी भंडारा-नागपूरच्या लोकांच्या एकदम डोळ्यांत भरलं. पाच नद्यांच्या संगमाचं, चैतन्येश्वराच्या टेकडीचं हे ठिकाण. तिथून खाली पवनी तालुक्यापर्यंत गोसीखुर्द धरणाचा फुगवटा पसरला आहे. एवढं पाणी असताना शिडाच्या बोटींचा खेळ इथे का रुजू नये, असं कुणालाही वाटेल. तरुण मंडळं, महाविद्यालयांचे क्रीडा विभाग, पर्यटनात उतरू पाहणारे गावकरी, सगळ्यांच्या मनात हा विचार येऊ शकतो. मोबाइलवर एक बाजू हवेत उचलून सुसाट निघालेली कॅटामरान पाहिली की मन तिच्यावरच अडकतं. मग दरपत्रकं मागवली जातात आणि गोंधळाला सुरुवात होते.

माझं म्हणणं आधीच सांगतो. अशा बोटींची किंमत आणि वेग यांची तुलना कारखान्याच्या कागदावर करू नका. ती आपल्या पाण्यावर, आपल्या वाऱ्यात आणि निदान पाच वर्षांच्या खर्चावर करा. तशी केलीत तर सर्वांत वेगवान बोट यादीत बरीच खाली जाईल.

कॅटामरान वेगवान का असते, हे थोडक्यात. तिला दोन अरुंद, लांब हल, म्हणजे तरंगणारी धडं, असतात आणि ती पाणी सहज कापतात. दोन्हींमध्ये दोन-अडीच मीटरचं अंतर असल्याने वाऱ्याचा रेटा बसला तरी बोट चटकन कलंडत नाही. खलाशी ट्रॅपीझच्या तारेला लटकून आणखी बाहेर झुकला की मोठं शीडही पेलता येतं. वजन कमी, शीड मोठं आणि पाया रुंद, एवढंच त्यामागचं गणित. पण दोन हल म्हणजे पाण्याला घासणारा पृष्ठभागही जास्त. वारा मंद असला की हेच घर्षण बोटीला मागे ओढतं, आणि वळण घेताना कॅटामरान अडखळते ती वेगळीच. दोन हल आहेत म्हणून बोट कायम पुढेच राहील, असं समजू नका.

आता आकडे. निरनिराळ्या जातींच्या बोटी एकाच शर्यतीत उतरवायच्या तर प्रत्येकीला एक गुणांक देतात. अमेरिकेत त्यासाठी पोर्ट्समाउथ पद्धतीचं कोष्टक वापरतात. गुणांक जितका कमी तितकी बोट वेगवान. एका हलाच्या लेझरला, म्हणजे आजच्या इल्काला, तिथे सुमारे ९१ गुणांक आहे, तर हॉबी १६ या कॅटामरानला ७६. याचा अर्थ सरळ आहे. जे अंतर कापायला लेझरला ९१ मिनिटं लागतात ते हॉबी १६ ला ७६ मिनिटांत कापता आलं पाहिजे. एकट्याने चालवायच्या हॉबी १४ ला ८६ च्या आसपास, एका माणसाच्या ए-क्लासला ६४-६५ आणि टॉर्नेडोला ५९ च्या आसपास गुणांक आहे. टॉर्नेडो १९७६ पासून २००८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. हॉबी वेव्ह ही प्लॅस्टिकच्या साच्यातली, समुद्रकिनाऱ्यांवरच्या हॉटेलांत दिसणारी कॅटामरान. तिचा गुणांक ९२, म्हणजे दोन हल असूनही लेझरच्या किंचित मागेच.

असं का होतं, ते घरी कागदावर काढून पाहता येतं. बोटीचं वजन आणि खलाशांचं वजन यांची बेरीज करा आणि दर शंभर किलोमागे किती चौरस मीटर शीड येतं ते मोजा. हॉबी १६ चं वजन १४५ किलो, शीड २० चौरस मीटरच्या थोडं वर. सत्तर-सत्तर किलोचे दोघं बसले की दर शंभर किलोमागे सात चौरस मीटर शीड येतं. ए-क्लासचं किमान वजन फक्त ७५ किलो आणि शीड १३.९४ चौरस मीटर, तिथे हा आकडा नऊच्या वर जातो. हॉबी १४ ला सहा. लेझर ५९ किलोची, शीड ७.०६ चौरस मीटर, म्हणजे साडेपाच. वेव्ह १११ किलोची आणि शीड पावणेनऊ चौरस मीटर. एकटा बसला तर पाचच्याही खाली, आणि दुसरा बसला की साडेतीन. पर्यटकांना फिरवायला वेव्ह चांगली आहे. मात्र विक्रेता तिला 'रेसिंग कॅटामरान' म्हणून पुढे करत असेल तर हे गणित त्याच्यासमोर मांडा.

गुणांकाबाबत एक सावधगिरी बाळगा. तो सरासरी वाऱ्याचा असतो. त्याच कोष्टकात मंद, मध्यम आणि जोरदार वाऱ्याचे वेगळे गुणांकही दिलेले असतात, आणि मंद वाऱ्यात कॅटामरानची आघाडी आक्रसते. भंडाऱ्यासाठी हाच कळीचा मुद्दा आहे.

आपलं पाणी कसं आहे?

आपल्याकडे पावसाळ्यात वारा असतो, पण तेव्हा धरणाचे दरवाजे उघडलेले असतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरात काय केलं ते लोक विसरलेले नाहीत. त्या दिवसांत फुगवट्यावर खेळाची बोट घालण्याचा विचारही करू नका. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरपासून थंडीभर पाणी भरलेलं आणि निवांत असतं, आणि वाराही निवांतच. मार्चनंतर दुपारी वारा उठतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अवकाळी वादळ अचानक येतं आणि तेव्हा कुणालाही पाण्यात ठेवता येत नाही. एकूण वर्षाचा हिशेब केला तर शिडाच्या बोटीला मिळणारे दिवस बहुतेक हलक्या वाऱ्याचे असतात.

अशा वाऱ्यात कमी वजन आणि मोठं शीड यांनाच किंमत येते. हॉबी १६ वर पन्नास-पन्नास किलोची दोन मुलं बसवली तर शंभर किलोमागचं शीड सातवरून आठच्या वर जातं. हलक्या वाऱ्यात हीच मुलं मोठ्यांना मागे टाकतात. पण बोट उलटली तर? हॉबी १६ पुन्हा सरळ करायला सुमारे १३५ किलो वजन लागतं, असं अनुभवी लोक सांगतात. शंभर किलोच्या जोडीला ते जमायचं नाही. म्हणजे मुलांना शिकवायचं तर पाण्याने भरून ओढायची खास पिशवी हवी, डोलकाठीच्या टोकाला तरंगता गोळा हवा आणि सोबत चालती मोटारबोट हवीच. गोसीखुर्दच्या उथळ भागात पूर्ण उलट्या झालेल्या बोटीची डोलकाठी गाळात रुतते. तिथून ती ओढून काढताना ती वाकली की नव्या काठीच्या खर्चाने वर्षाचं अंदाजपत्रक कोलमडतं.

आता पाण्याखाली काय आहे ते पाहू. गोसीखुर्दच्या पोटात बुडालेली गावं, शेताचे बांध आणि झाडांचे खुंट आहेत. उन्हाळ्याकडे पातळी उतरते तसे खुंट वर येतात. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे इथवर पोचतं आणि त्यावर जलपर्णी पोसते. वेगवान कॅटामरान घेणाऱ्याने इथे थांबून विचार करायला हवा. टॉर्नेडो, ए-क्लास, फॉर्म्युला १८, नॅक्रा या सगळ्यांना हलातून खाली उतरणाऱ्या फळ्या असतात. ऑलिंपिकची नॅक्रा १७ तर आता पंखांसारख्या फळ्यांवर पाण्याबाहेर उचलली जाते. भर वेगात अशी फळी बुडालेल्या खुंटाला लागली तर फळी तुटते, हल फाटतो आणि पुढे फेकला गेलेला खलाशी जखमी होतो. जलपर्णीचा एक झुबका अडकला तरी वेग अर्ध्यावर येतो.

हॉबी १६ ला फळ्याच नाहीत. तिचे हल आतून आणि बाहेरून वेगळ्या आकाराचे केले आहेत, त्यामुळे बोट आडवी घसरत नाही. सुकाणू काही लागलं की आपोआप वर उचललं जातं. ती किनाऱ्याच्या वाळूवर थेट चढवता यावी म्हणून कॅलिफोर्नियाच्या होबार्ट ऑल्टर यांनी १९७० च्या सुमारास हा आराखडा केला, आणि आजवर अशा लाखाहून अधिक बोटी बनल्या आहेत. रॉडनी मार्च यांच्या डार्ट १८ लाही फळ्या नाहीत, हलाखाली ठरावीक ठिकाणी बसवलेला कणा आहे. टॉर्नेडोचा आराखडाही त्यांचाच. आपल्या पाण्यासाठी खरी तुलना या दोनच बोटींत होऊ शकते. डार्टचे हल पुढे अधिक भरीव आहेत, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात नाक बुडवून उलटण्याची खोड तिला कमी, हॉबी १६ ला बरीच जास्त. मात्र हलक्या वाऱ्यात हॉबीचं शीड मोठं ठरतं आणि सुटे भागही अधिक सहज मिळतात. माझा कौल हॉबी १६ ला.

मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्यांवर कॅटामरान नकोच. तिथे धावायला अंतर नाही, काठाच्या झाडांमुळे वारा तुटक येतो, आणि तलाव मत्स्य सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तिथे मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांची जाळी पसरलेली असतात. गोसीखुर्दवरही पहिली गाठ त्यांचीच घ्या. कुठे खुंट आहेत, कुठे गाळ चढला आहे, कोणत्या महिन्यात कोणती बाजू मोकळी असते, हे डोंगा वल्हवणाऱ्या माणसाइतकं नेमकं कोणताच नकाशा सांगणार नाही. त्यांना विश्वासात घेऊन बोयांनी मोकळी पट्टी आखून घ्या आणि सुरक्षा नौकेवर त्यांच्यातलाच माणूस पगारावर ठेवा. जलसंपदा विभागाची परवानगी लागेल. पवनीकडच्या काही भागात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याची हद्द जवळ येते, तिथे वन विभागाशीही आधी बोला.

पैशाचा हिशेब

नवी हॉबी १६ परदेशात साधारण दहा ते वीस हजार डॉलरच्या दरम्यान बसते, शीड आणि साहित्याच्या निवडीनुसार. नवी ए-क्लास किंवा नॅक्रा १७ शर्यतीला सज्ज करायची तर खर्च त्याच्या दुपटी-तिपटीच्या घरात जातो. ए-क्लास वजनाने निम्मी असूनही दुप्पट महाग का? तर कार्बन फायबर. प्रत्येक वाचवलेल्या किलोचे पैसे मोजावे लागतात.

या किमतीवर प्रवास आणि कर चढतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळाच्या आणि मौजेच्या नौकांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. मासेमारीच्या नौकेला तो ५ टक्के आहे. आयात बोटीवर त्याआधी सीमाशुल्क आणि अधिभार लागतो, आणि हा जीएसटी त्या बेरजेवर बसतो. वाहतूक धरून परदेशातली किंमत भंडाऱ्यात पोचेपर्यंत दुपटीच्या आसपास जाईल असं धरूनच चाला. जिल्हा क्रीडा कार्यालय किंवा मान्यताप्राप्त राष्ट्रीय संघटनेमार्फत सवलत मिळते का, हे मागणीपत्र पाठवण्याआधी विचारा. बोट न्हावा-शेवा बंदरात उतरल्यावर विचारून उपयोग नाही.

वाहतुकीत एक बारीक गोष्ट खूप पैसे खाते. हॉबी १६ चा हल पाच मीटरचा, हलांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या सोडवल्या की बोट सपाट होते आणि वीस फुटी कंटेनरमध्ये सहज जाते. पण डोलकाठी आठ मीटरची, आणि वीस फुटी कंटेनरची आतली लांबी सहा मीटरही भरत नाही. केवळ काठीसाठी चाळीस फुटी कंटेनर घ्यावा लागतो. म्हणून एकटी बोट मागवणं सगळ्यांत महाग पडतं. हैदराबाद, भोपाळ किंवा गोव्याच्या क्लबांनी एकत्र मागणी दिली तर कंटेनरचं भाडं वाटून जातं. दोन तुकड्यांची काठी मिळते का, हेही विक्रेत्याला विचारा.

खरेदीनंतरचा खर्च शिडाचा. शर्यतीत शीड आकार टिकवून असेल तरच उपयोगी, आणि कडक उन्हात ते लवकर मरतं. हॉबीच्या वर्गात शीड ठरलेल्या कंपनीचंच लागतं, त्यामुळे ते महाग वाटतं. पण त्याचा फायदाही मोठा आहे: सगळ्यांकडे सारखंच शीड, कुणाला जास्त पैसे टाकून वेग विकत घेता येत नाही. फॉर्म्युला १८ सारख्या वर्गात लांबी, रुंदी, वजन यांच्या मर्यादेत प्रत्येक कारखाना आपला आराखडा करतो, आणि दर दोन-तीन वर्षांनी जुनी बोट मागे पडते. ज्यांच्याकडे प्रायोजक आहेत त्यांनीच त्या वाटेला जावं.

पाच वर्षांचा हिशेब मांडताना हे सगळं एका बाजूला लिहा: बोट, कर, वाहतूक, शिडांचे दोन संच, दोऱ्या आणि ट्रॅम्पोलीन (हलांमधलं बसायचं कापड), जीवरक्षक जॅकेट, सुरक्षा नौका आणि तिचं इंधन, झाकून ठेवायची शेड. दुसऱ्या बाजूला पाच वर्षांनी बोट विकून काय मिळेल ते धरा. हॉबी १६ ला गिऱ्हाईक मिळतं. नॅक्रा १७ ला भारतात मिळणारं गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. या फरकानेच स्वस्त बोट किती स्वस्त आहे ते कळतं.

जुनी बोट तपासताना

बहुतेक मंडळांना जुनीच बोट परवडेल आणि ती घेणं शहाणपणाचंही आहे. मात्र पैसे देण्याआधी ती उन्हात उभी करून दोन तास तपासा. हलाच्या वरच्या भागावर, विशेषतः पुढच्या आडव्या नळीच्या आसपास, तळहाताने दाबत जा. हलाच्या दोन पातळ थरांमध्ये फोम असतो. थर सुटले असतील तर पृष्ठभाग दबतो आणि हात काढला की वर येतो. नाण्याने ठोकत गेलात तर चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि सुटलेल्या जागी बद्द. अशी जागा तळहाताएवढी असेल तर दुरुस्त होते. नळीच्या बैठकीभोवती पसरलेली असेल तर ती बोट फुकट मिळाली तरी घेऊ नका. पाण्यात उतरवून अर्ध्या तासाने हलाच्या बुचातून किती पाणी निघतं ते पाहा. वाटीभर चालेल, बादलीभर नाही. ट्रॅम्पोलीनची शिवण नखाने ओढा. उन्हाने सडलेला धागा लगेच सुटतो. डोलकाठीच्या तारा टोकाला जिथे दाबून बसवलेल्या असतात तिथे एक जरी तंतू तुटलेला दिसला तरी पूर्ण संच बदलायचा हे धरून भाव करा.

डोलकाठीच्या वरच्या भागाचा रंग वेगळा आहे का, हे जरूर बघा. ॲल्युमिनियमच्या काठ्या विजेच्या तारांना लागून माणसं दगावल्यावर हॉबीने वरचा तुकडा वीज न वाहणाऱ्या फायबरचा करायला सुरुवात केली. जुन्या बोटींवर पूर्ण ॲल्युमिनियमची काठी असू शकते. आपल्याकडे धरणाच्या काठाला, शेतांवरून, रस्त्यालगत अकरा हजार व्होल्टच्या तारा सर्रास गेलेल्या असतात. आठ मीटरची काठी उभी करून बोट ढकलत नेणारी मुलं वर पाहत नाहीत. पूर्ण ॲल्युमिनियमची काठी असेल तर बोट नाकारा, किंवा काठी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. कोणतीही काठी असो, ती उभी करायची जागा तारांपासून दूर ठरवून तिथे फलक लावा.

बोट आणल्यावर भंडाऱ्याचा मे महिना तिची पहिली परीक्षा घेईल. पारा ४४-४५ ला पोचला की बंद हलातली हवा फुगते आणि थर सोडवते. पाण्याबाहेर असताना बुचं कायम काढून ठेवा आणि बोट सावलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या साच्यातली बोट खुंटांचे ठोसे सोसते, पण कडक लाकडावर टेकवून उन्हात ठेवली तर तिथे खळगा पडतो. तिला रुंद पट्ट्यांवर टांगून ठेवा.

काही पालकांचं स्पर्धेचं स्वप्न आहे, त्यांच्यासाठी एक स्पष्ट शब्द. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये नॅक्रा १७ वर एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी उतरते, आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सिद्धेश्वर डोईफोडे आणि रम्या सरवनन यांनी याच बोटीवर भारताचं प्रतिनिधित्व केलं. पण तिथवर जाण्याची वाट कॅटामरानपासून सुरू होत नाही. मूल आधी ऑप्टिमिस्टमध्ये शिकतं, मग इल्का किंवा दोघांच्या बोटीवर जातं. ऑप्टिमिस्ट ३५ किलोची, एका हलाची, मुलाला एकट्याला सांभाळता येणारी. ती मामा तलावावरही चालते आणि दोन माणसं उचलून नेऊ शकतात. भोपाळच्या मोठ्या तलावावर आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, खलाशी घडले ते अशाच लहान बोटींवर. आपली स्थितीही त्या दोन शहरांसारखीच आहे, मुंबईसारखी नाही.

म्हणून ज्यांच्याजवळ कॅटामरानसाठी पैसे जमले आहेत त्यांना माझा सल्ला असा. एक नवी वेगवान बोट घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन जुन्या हॉबी १६ घ्या. दोन सारख्या बोटी असल्या की गुणांकाची गरजच उरत नाही, जो पुढे तो पुढे. एकीचा भाग दुसरीला लागतो आणि मुलांना रोज शर्यत मिळते. मात्र त्याआधी वारा मोजा. हातात धरायचं वारामापक काही हजारांत मिळतं. येत्या ऑक्टोबरपासून मेपर्यंत अंभोरा आणि धरणाजवळ, सकाळी नऊला आणि दुपारी तीनला, महाविद्यालयाच्या मुलांकडून रोज नोंद ठेवून घ्या. दुपारचा वारा निम्म्या दिवशी तरी आठ नॉटच्या, म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या वर असेल तर हॉबी १६ घ्या. नसेल तर तेवढ्याच पैशांत इल्का आणि ऑप्टिमिस्टचा छोटा ताफा उभा करा. ती नोंदवही झेरॉक्स करून जिल्ह्यातल्या इतर मंडळांनाही द्या, म्हणजे त्यांचे पैसे चुकीच्या बोटीत जाणार नाहीत.